विश्लेषण : लॅपटॉपमधल्या ‘भाडेकरू’ लिनक्सचे घोडे अडते कुठे?

रात्रीचे साडेदहा. उद्या ऑपरेटिंग सिस्टीमचे प्रॅक्टिकल. घरात लॅपटॉप एकच, आणि त्यावर वडिलांच्या दुकानाचा हिशेब, बहिणीचे स्कॉलरशिपचे कागद, लग्नाचे फोटो असे सगळेच. मुलाने व्हर्च्युअलबॉक्स टाकले, उबुंटूची फाइल उतरवली, ‘स्टार्ट’ दाबले आणि पडद्यावर इंग्रजीत एक लाल चौकट आली. मागून आई विचारते, ‘काही बिघडलं तर नाही ना?’

हे दृश्य कुठल्या एका घराचे नाही. सेमिस्टर सुरू झाले की पिंप्राळ्यात, जळगावात, तिकडे धुळ्या-नंदुरबारात अशा घरांची संख्या वाढते. डिप्लोमा असो, बीसीए असो की इंजिनिअरिंग, लिनक्सच्या कमांड कुठे ना कुठे येतातच. गिरणाकाठच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या हद्दीत हे तिन्ही जिल्हे येतात. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स तयार मिळते. घरी मात्र विंडोज असते आणि सराव घरीच करायचा असतो.

त्यात आणखी एक कारण जमा झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधी घेतलेले लॅपटॉप चालू स्थितीत असूनही या अटीत बसत नाहीत. अशा मशीनवर लिनक्स टाकावे का, हा प्रश्न आता विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. आणि टाकायचेच असेल, तर आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून पाहणे हा सगळ्यात बिनधोक मार्ग आहे.

घरमालक आणि भाडेकरू

व्हर्च्युअल मशीन म्हणजे चालू कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. विंडोज हा घरमालक आणि लिनक्स भाडेकरू. भाडेकरूला एक खोली मिळते, म्हणजे थोडी रॅम, प्रोसेसरचा थोडा वाटा आणि डिस्क म्हणून एक मोठी फाइल. ही फाइल हेच आपले पूर्ण घर, असे त्याला वाटते. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकातच मोठ्या मशीनवर हे करून दाखवले होते. व्हर्च्युअलबॉक्स मूळचे इनोटेक या जर्मन कंपनीचे. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टीम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी मोफत आहे.

पहिला अडथळा बायोसमध्ये

लाल चौकटीत ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘एएमडी-व्ही’ हे शब्द दिसले, तर उबुंटू खराब आहे असे समजून ते पुन्हा डाउनलोड करायला बसू नये. ही प्रोसेसरमधली सोय आहे. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये ती आणली. आज वापरात असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती असते, पण कित्येकदा कारखान्यातूनच बंद केलेली येते. नवीन मशीन तयार करताना यादीत फक्त ३२-बिटचे पर्याय दिसत असतील, तर तेही याच दुखण्याचे लक्षण.

खात्री करायला टास्क मॅनेजर उघडावा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर जावे. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे ‘डिसेबल्ड’ लिहिले असेल, तर लॅपटॉप बंद करून सुरू करताना बायोसमध्ये जावे लागते. एचपीच्या मशीनवर साधारणपणे एफ-१०, डेल, एसर, असूसवर एफ-२. आत ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ किंवा ‘एसव्हीएम मोड’ अशा नावाची ओळ सापडते. ती सुरू करायची, सेव्ह करायचे आणि बाहेर पडायचे.

पण थांबा. बायोसला हात लावण्याआधी एक काम आहे आणि बहुतेक व्हिडिओंत ते सांगितलेच जात नाही. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. बायोसमधली सेटिंग बदलली की कधी कधी विंडोज निळ्या पडद्यावर ४८ अंकी बिटलॉकर की मागते. ती नसेल तर डिस्कवरचा सगळा डेटा कुलपात अडकतो आणि दुरुस्तीवाल्याकडेही त्याला इलाज नसतो. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला, त्या खात्यात ही की सहसा जपलेली असते. तिथे जाऊन ती पाहावी आणि कागदावर उतरवून घ्यावी. नवा लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्याच ई-मेलने सुरू करून दिला असेल, तर ही चौकशी आजच केलेली बरी.

हिरवे कासव

कधी एरर येत नाही, पण लिनक्स रडतखडत चालते. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवे कासव दिसते का, ते पाहावे. ही थट्टा नाही, खरेच कासवाचे चित्र असते. प्रोसेसरची ती सोय विंडोजच्या हायपर-व्हीने आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावे लागते आहे, असा त्याचा अर्थ. याला निमित्त डब्ल्यूएसएल असते, मोबाइल गेमसाठी टाकलेला एखादा अँड्रॉइड एम्युलेटर असतो किंवा विंडोज सिक्युरिटीतली ‘मेमरी इंटिग्रिटी’.

‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने वेग वाढतो हे खरे, पण ती सोय मालवेअरपासून बचावासाठी आहे. ज्या लॅपटॉपवरून घरचे बँकेचे व्यवहार होतात, तिथे दोन-चार प्रॅक्टिकलसाठी ती बंद ठेवण्यात शहाणपण नाही. कासव चालवून घ्यावे.

सहा जीबी आणि दीड जीबीचे गणित

उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप फाइल सुमारे सहा जीबीची. मोबाइलवर दिवसाला दीड जीबी मिळत असेल, तर ती उतरवायला चार दिवसांचा डेटा जातो. मध्येच रेंज गेली की ब्राउझर काही वेळा अर्धवट फाइललाच पूर्ण समजतो. मग इन्स्टॉलेशन साठ-सत्तर टक्क्यांवर अडकते आणि दोष लिनक्सला जातो. यावर उपाय फुकट आहे. उबुंटूच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलची ‘एसएचए-२५६’ नावाची लांब संख्या दिलेली असते. विंडोजमधल्या ‘सर्टयुटिल’ या कमांडने आपल्या फाइलची तीच संख्या काढता येते. दोन्ही जुळल्या तर फाइल शाबूत. एका अक्षराचाही फरक असेल तर फाइल खराब. मित्राच्या पेनड्राइव्हमधून आणलेल्या फाइलवरही ही तपासणी करावी.

‘नो बूटेबल मीडियम फाउंड’ ही ओळ मात्र घाबरण्याची नाही. सेटिंगमधल्या ‘स्टोरेज’मध्ये फाइल जोडायची राहून गेलेली असते, एवढेच. याच्या उलट प्रकारही होतो. इन्स्टॉलेशन पूर्ण झाले, मशीन पुन्हा सुरू केले आणि पुन्हा इन्स्टॉलच विचारू लागले. म्हणजे फाइल अजून जोडलेलीच आहे. ती काढली की काम झाले.

‘इरेज डिस्क’वर बोट थबकते तेव्हा

सगळ्यात जास्त हात इथे थरथरतात. इन्स्टॉलर विचारतो, ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू?’ डिस्क पुसू? वडिलांचा हिशेब डोळ्यांसमोर येतो.

व्हर्च्युअल मशीनच्या आत असताना हो म्हणायला हरकत नाही. भाडेकरूला दिसते ती फक्त त्याची खोली, म्हणजे विंडोजच्या फोल्डरमधली एक ‘व्हीडीआय’ फाइल. पुसली जाईल ती तेवढीच, आणि ती तशीही रिकामी असते. तरीही डोळे झाकून पुढे जाऊ नये. इन्स्टॉलर डिस्कचे नाव आणि आकार दाखवतो. नाव ‘व्हीबॉक्स हार्डडिस्क’ आणि आकार आपण दिला तेवढा, समजा २५ जीबी, असेल तर आपण खोलीतच आहोत. तिथे कंपनीचे नाव आणि ५०० जीबी किंवा एक टीबी दिसला, तर हात मागे घ्यावा.

कारण हाच प्रश्न, याच शब्दांत, पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केल्यावरही येतो. तिथे खरी डिस्क पुसली जाते. ज्यांनी आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये चार वेळा बिनदिक्कत ‘हो’ केलेले असते, त्यांच्याच हातून पेनड्राइव्हवर सवयीने पाचव्यांदा ‘हो’ होण्याची भीती असते. म्हणून पेनड्राइव्हचा प्रयोग बॅकअपशिवाय करू नये आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तर नकोच.

भाडेकरूच्या खोलीला एक दार मात्र मुख्य घरात उघडू शकते. ‘शेअर्ड फोल्डर’ जोडला असेल, तर लिनक्समधून त्यात केलेले डिलीट थेट विंडोजमधल्या खऱ्या फाइलवर होते, आणि कमांडने केलेले डिलीट रिसायकल बिनमध्ये जात नाही. त्यामुळे शेअर करायला वेगळा, रिकामा फोल्डर करावा. दुकानाचा फोल्डर देऊ नये.

काळा पडदा, गायब माउस आणि न उघडणारे टर्मिनल

पडदा काळाच राहिला तर मशीन बंद करून ‘डिस्प्ले’मध्ये ग्राफिक्स कंट्रोलर ‘व्हीएमएसव्हीजीए’ आहे का ते पाहावे, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करावी आणि ‘थ्री-डी अॅक्सिलरेशन’ची खूण काढून पाहावी. माउस खिडकीत अडकून बाहेर येत नसेल, तर लॅपटॉप हँग झालेला नसतो. उजवीकडचे कंट्रोल बटण दाबले की सुटका होते. पॉवर बटण दाबून लॅपटॉप बंद करणारे अनेक जण या एका बटणापायी अर्धा तास घालवतात. पडदा छोटाच दिसतो, तो ‘गेस्ट अॅडिशन्स’ टाकल्यावर मोठा होतो.

व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून एक नवा घोळ आला आहे. नवीन मशीन करताना ते ‘सगळे आपोआप करून देतो’ म्हणते. सोय बरी वाटते, पण युजरचे नाव ‘व्हीबॉक्सयुजर’ आणि पासवर्ड ‘चेंजमी’ असा आधीच भरलेला असतो आणि तो बदलायचा राहिला की लॉगिनवर गाडी अडते. पुढे कळते की या युजरला ‘सुडो’चा, म्हणजे प्रशासकाचा, अधिकारच नाही. काहींच्या मशीनवर तर टर्मिनलच उघडत नाही. भाषेची सेटिंग नीट न बसल्याचा तो परिणाम. सुरुवातीलाच ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’चा पर्याय टाळून दहा मिनिटे जास्त घालवली, तर हे तिन्ही प्रश्न येत नाहीत.

चार जीबी रॅममध्ये दोन संसार

उबुंटूच्या डेस्कटॉपलाच चार जीबी रॅम लागते. लॅपटॉपची एकूण रॅमच चार जीबी असेल, तर गणित बसत नाही, मग सेटिंग कितीही बदला. निम्म्याहून जास्त रॅम भाडेकरूला दिली की मालकाचा श्वास कोंडतो आणि दोघेही अडकतात. अशा लॅपटॉपवर झुबुंटू, लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर इन्स्टॉलेशनला तासभरही लागू शकतो. तो बिघाड नव्हे. सी ड्राइव्ह भरलेला असेल, तर मशीनचे फोल्डर डी ड्राइव्हवर ठेवावे. जागा संपली की व्हर्च्युअल मशीन मध्येच थबकते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात गेला की आणखी एक गोष्ट होते. दोन ऑपरेटिंग सिस्टीम ओढताना प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यामुळे जळगावात दुपारी दोनला अडखळणारे मशीन पहाटे सुरळीत चालू शकते.

वीज जाण्याचा प्रश्न वेगळाच. जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच असते. लाइट गेली की विंडोज बंद, आणि आतले लिनक्सही धाडकन बंद. पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ एवढेच येते. लिनक्सची फाइल व्यवस्था तपासून मागण्याची ती पद्धत आहे. तिथे ‘एक्झिट’ टाइप केले की कोणते पार्टिशन दुरुस्त करायचे त्याचे नाव दिसते. मग ‘एफएससीके’ ही कमांड आणि पुढे ते नाव. विचारेल तिथे ‘वाय’ दाबत जावे. बहुतेक वेळा मशीन उठते. इन्स्टॉलेशन नीट झाल्याझाल्या ‘स्नॅपशॉट’ घेतला असेल, तर एवढीही उठाठेव नको. एका क्लिकवर मशीन त्या क्षणाला परत जाते. त्यानंतरचे काम मात्र जाते.

नुसत्या कमांडच शिकायच्या असतील तर?

मग पूर्ण डेस्कटॉप उभा करण्याची गरजच नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘डब्ल्यूएसएल’ आहे. एका कमांडने उबुंटूचे टर्मिनल मिळते आणि रॅमही कमी लागते. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला बायोसमधली तीच सोय सुरू लागते, हे लक्षात ठेवावे. इन्स्टॉलेशनचेच प्रॅक्टिकल असेल किंवा जर्नलमध्ये डेस्कटॉपचे स्क्रीनशॉट लागणार असतील, तर मात्र व्हर्च्युअल मशीनला पर्याय नाही.

आणि जुना विंडोज १० चा लॅपटॉप लिनक्सवर न्यायचा विचार असेल, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये निदान आठवडाभर घरची कामे करून पाहावीत. युनिकोडमधली मराठी लिनक्सवर अडत नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड तयार असतो. पण दुकानाच्या जुन्या फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील, तर तो फाँट नसलेल्या मशीनवर अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसेल. हिशेबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारे असेल, तर तेही आधीच कळेल. प्रिंटर आणि डोंगल मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये वेगळे वागू शकतात. त्यांची तपासणी पेनड्राइव्हवरून ‘ट्राय उबुंटू’ निवडून करावी लागते आणि तिथे ‘इन्स्टॉल’वर बोट जाऊ द्यायचे नसते.