पंढरीची पटकी आणि तिचा जंतू
आषाढीस लाखो वारकरी एकत्र येत असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरास पटकीची साथ वारंवार उद्भवे आणि तिची नोंद सरकारदप्तरी होई. परंतु रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यास ज्या स्वल्पविरामाकृती जंतूचा छडा लावला, त्याची आतड्यातील वहिवाट मला त्या साऱ्या दप्तराहून अधिक चित्तवेधक वाटते. एका टोकास असलेल्या चाबकासारख्या तंतूच्या बळावर तो श्लेष्मा भेदीत पेशींपर्यंत पोहत येतो, तेथील शर्करांना चिकटतो, आणि मग परस्परांनाच घट्ट धरणारे सूक्ष्म केशतंतू उभारून स्वजातीयांची दाट वसाहत थाटतो. गंमत अशी, की हा गृहस्थ पेशीच्या आत पाऊलही टाकीत नाही (रक्ती आवेचा शिगेला मात्र आत शिरून, पेशीच्याच ॲक्टिन प्रथिनाची शेपटी करून, शेजारच्या पेशीत घुसतो). तो केवळ आपले विष धाडतो, ज्याचे पाच घटक पेशीपृष्ठावरील जीएम-१ या स्निग्ध रेणूस पकडतात आणि सहाव्याचा एक अंश आत जाऊन क्षार व पाणी बाहेर लोटावयास लावतो. हे विष १९५९ साली कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी प्रयोगाने सिद्ध केले, आणि तरीही कॉखचे नाव जाणणाऱ्या आपल्या सुशिक्षितांस डे यांचे नाव क्वचितच ठाऊक असते.