कॉलऱ्याचा जंतू मधल्या महिन्यांत जातो कुठे?

गंगा आणि ब्रह्मपुत्रा समुद्राला मिळतात त्या बांगलादेशच्या सखल भागात बघावं तिकडे पाणीच. खाड्या, ओढे, तळी, भातखाचरं. तिथे कॉलरा बहुतेक वर्षी दोनदा डोकं वर काढतो. एकदा पावसाळ्याआधी, मार्च ते मेच्या सुमारास आणि पुन्हा पाऊस ओसरला की. कॉलरा म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं जिला पटकी म्हणतात ती. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी इतक्या झपाट्याने जातं की उपचार झाले नाहीत तर काही तासांत माणूस दगावू शकतो. (वेळेवर मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिलं, तर बहुतेकजण वाचतात!)

पण मला जास्त नवल वाटतं ते मधल्या महिन्यांचं. साथ संपली की हा जंतू जातो तरी कुठे?

पूर्वी उत्तर ठरलेलं होतं: माणसाच्या आतड्यात. आजारी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. हे खरं आहे, पण अर्धंच. १९७० च्या दशकात रिटा कोलवेल या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा जंतू चक्क अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या पाण्यात सापडला. तिथे साथ नव्हती, कुणी आजारी नव्हतं आणि जंतू मात्र मजेत!

त्याचं बिऱ्हाड होतं कोपेपॉडच्या अंगावर. कोपेपॉड हा कोळंबीच्या नात्यातला, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा जीव. खाडीचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरलंत, तर झटके देत पळणारे पांढुरके ठिपके दिसतील. त्यांत हे महाशय असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या दोन लांब मिशा दिसतात आणि मादी असेल तर अंड्यांच्या पिशव्याही. कॉलऱ्याचे जंतू त्याच्या कवचाला, पायांना, त्या पिशव्यांना हजारोंनी चिकटून बसतात. कवच कायटिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि जंतू ते खाऊही शकतो. म्हणजे राहायची सोय झाली आणि जेवायचीही.

आता साथीचं वेळापत्रक उलगडायला लागतं, बघा. ऊन वाढलं की पाणी कोमट होतं. त्यात सूक्ष्म वनस्पती फोफावतात, पाणी हिरवट दिसू लागतं. त्यांच्यावर ताव मारून कोपेपॉड वाढतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही. या जंतूला थोडं मचूळ पाणी मानवतं. उन्हाळ्यात नद्या आटल्या की भरतीचं खारं पाणी आत, गावांजवळ घुसतं; ती पहिली साथ. पावसाळ्यात पूर येतो तेव्हा संडासाची घाण आणि तळ्याचं पाणी एक होतं आणि पाऊस ओसरला की दुसरी साथ येते. थंडीत पाणी गार पडलं की जंतू आक्रसून अगदी बारीक होतो. प्रयोगशाळेतल्या बशीत तो वाढतच नाही, त्यामुळे पाण्यात तो उरलाच नाही असं वाटायचं. पण तो जिवंत असतो!

यातूनच एक सुंदर युक्ती निघाली. सुटा जंतू इतका लहान की कापडातून सहज पार होतो. पण कोपेपॉड अडकतो! मग कोलवेल आणि बांगलादेशातल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या मतलब नावाच्या भागातल्या बायकांना सुचवलं, जुनी सुती साडी घ्या, घडीवर घडी घालून आठ पदर करा, घागरीच्या तोंडावर बांधा आणि पाणी गाळा. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन धागे पिंजारतात आणि विणीतली भोकं बारीक होतात. जिथे जळणाचीच वानवा, तिथे रोज पाणी उकळणार कसं? साडी मात्र घरोघरी होती. जिथे असं पाणी गाळलं, त्या गावांत कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. सुटे जंतू तरीही पार होतातच, म्हणून जमेल तिथे पाणी उकळणं किंवा क्लोरीन घालणं केव्हाही जास्त चांगलं.

कापडाने पाणी गाळायची ही गोष्ट आजी-आजोबांना सांगा, त्यांना कदाचित नारू आठवेल. पायातून बाहेर येणारा तो लांबलचक जंत महाराष्ट्रातही होता. त्याची पिल्लं गोड्या पाण्यातल्या कोपेपॉडच्या पोटात बसून माणसाच्या पोटात पोचायची. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, पाणी गाळलं आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

कॉलऱ्याचं तसं होणं फार अवघड. नारूचं चक्र आपल्याकडे माणसावर अवलंबून होतं, ते तिथेच तोडता आलं. कॉलऱ्याच्या जंतूला समुद्रकाठी स्वतःचं घर आहे, तिथे तो आपल्याविना सुखाने जगतो. म्हणून शास्त्रज्ञ आता उपग्रहातून बंगालच्या उपसागराकडे बघतात. पाणी किती तापलंय, किती हिरवं झालंय हे मोजतात आणि साथ यायच्या आधीच तिचा अंदाज बांधायची धडपड करतात.