मोटारसायकलची गळकी टाकी

कागल तालुक्यांतील बिद्री हें गांव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळें साऱ्या कोल्हापूर जिल्ह्याच्या ओळखीचें आहे. हंगामांत बॉयलर पेटला कीं पुढें कांहीं महिने गारगोटीच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली यांची रीघ लागलेली असते. शेतावर जावयाचें असो कीं पाहुण्यांकडे, मोटारसायकलवांचून कोणाचें चालत नाहीं. अशा एखाद्या गाडीखालीं सकाळीं फरशीवर ओला डाग दिसतो, पेट्रोलचा वास येतो, आणि घरांतील वडील मंडळी म्हणतात, "टाकी गळते वाटतें, झाळून आण जा." कोल्हापुरांत किंवा पुण्यांत हीच गाडी जिन्याखालीं उभी असते, एवढाच काय तो फरक. सल्ला चुकीचा नव्हे. परंतु झाळण्यापूर्वीं टाकीचें काय करावयाचें हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें जळती काडी दारूगोळ्याजवळ नेण्यासारखेंच तें आहे.

पुष्कळांचा समज असा कीं, टाकींतील पेट्रोल ओतून टाकलें म्हणजे धोका संपला. वस्तुतः तो तेथेंच सुरू होतो. पेट्रोल द्रवरूपांत पेटत नाहीं. पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशीं ठराविक प्रमाणांत मिसळली असेल तरच. हवेंत ही वाफ शेंकडा सुमारें १.४ हून कमी असली तर ज्वाला पसरत नाहीं, शेंकडा ७.६ हून अधिक असली तरीही पसरत नाहीं. या दोन मर्यादांच्या मधला पट्टा तेवढा घातक. भरलेल्या टाकींत वाफ इतकी दाट असते कीं बहुधा ती या पट्ट्याच्या बाहेर राहते. आतां बारा लिटरची टाकी उपडी करून रिकामी केली असें समजा. तिच्या सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत जेमतेम एक घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पांचवा हिस्सा, पेट्रोल राहिलें आणि त्याची वाफ झाली, तरी सारी टाकी स्फोटक मिश्रणानें भरून जाते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेंटिग्रेडच्या थंडींतही निघते, मग आपल्याकडील उन्हांत काय सांगावें! अशा टाकीला वेल्डिंगची ज्योत लागली कीं पत्रा सांध्यावर फाटतो आणि त्या क्षणीं मेस्त्रीचें तोंड टाकीपासून हातभर अंतरावर असतें.

गळतीचें मूळ बहुधा पाण्यांत असतें. टाकीच्या झांकणाला हवेसाठीं बारीक छिद्र असतें. अर्धी रिकामी टाकी दिवसां तापते, रात्रीं निवते, आणि प्रत्येक खेपेस थोडी दमट हवा आंत ओढते. राधानगरीकडील पावसाळा ज्यांनीं अनुभवला आहे, त्यांना या हवेंत पाणी किती असतें हें सांगावयास नको. पाणी पेट्रोलपेक्षां जड, म्हणून तें तळाशीं बसतें. आणि तळाचा सांधा आंतून गंजत गंजत एके दिवशीं सुईच्या अग्राएवढें भोंक पडतें.

अलीकडे टाकी गंजली कीं सारा दोष इथेनॉलवर टाकण्याची टूम निघाली आहे. ती अर्धीच खरी आहे. साखर कारखान्यांतील मळीपासून आणि उसाच्या रसापासून होणारें हें मद्यार्क पेट्रोलमध्यें शेंकडा ५ या प्रमाणांत मिसळण्याची योजना २००३ सालीं कांहीं राज्यांत सुरू झाली आणि २०२५ सालीं तें प्रमाण शेंकडा २० वर आलें. म्हणजे ज्या उसावर बिद्रीच्या परिसराचा संसार चालतो, त्याचाच अंश तेथील मोटारसायकलच्या टाकींतही असूं शकतो. इथेनॉल पाण्याला आपल्यांत सामावून घेतें; थोडें पाणी असेल तर तें पेट्रोलबरोबर जळूनही जातें. मात्र मर्यादा ओलांडली, किंवा थंडी पडली, म्हणजे इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळीं होतात व तळाशीं थर धरतात. महिनोन्महिने उभी ठेवलेली गाडी म्हणूनच लवकर गंजते. रोज धांवणाऱ्या गाडीला हें भय कमी.

गळती टाकीचीच आहे काय, हें प्रथम पाहावें. पुष्कळदां तोटीचें रबर झिजलेलें असतें आणि बिचाऱ्या टाकीवर आळ येतो. टाकी बाहेरून कोरडी पुसून संशयाच्या जागीं खडू घासावा. पेट्रोल झिरपलें कीं तेथें ओला डाग उमटतो. बारीक छिद्र असेल तर त्यावर अंगाचा साबण घट्ट घासल्यास गळती तात्पुरती थांबते, कारण साबण पेट्रोलमध्यें सहसा विरघळत नाहीं. मेस्त्रीकडे जाईपर्यंत हें ठीक. त्यावर महिना काढूं नये. आणि गळकी गाडी घरांत तर मुळींच ठेवूं नये. पेट्रोलची वाफ हवेहून तिप्पट-चौपट जड असल्यामुळें ती जमिनीलगत सरपटत जाते. जिन्याखालच्या गाडीची वाफ शेजारच्या स्वयंपाकघरांतील शेगडीपर्यंत पोहोंचते आणि कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

आतां झाळण्याविषयीं. बॅटरीची तार सोडवून, उघड्यावर, पेट्रोल धातूच्या डब्यांत काढून घ्यावें. टाकी उतरवून तोटी व झांकण काढावें आणि गरम पाणी व धुण्याची पूड यांनीं ती तीन-चार वेळां खळखळून धुवावी. एवढ्यानें पुरत नाहीं. गंजाच्या आड पेट्रोल दडलेलें असतेंच. म्हणून जाणता मेस्त्री छिद्र वरच्या बाजूस येईल अशी टाकी टेकवतो, खालचीं तोंडें बुचानें बंद करतो आणि छिद्राच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरतो. वाफेला राहावयास जागाच उरत नाहीं. पाणी थेट छिद्राला भिडवीत नाहींत याचें कारण तें पत्र्याची उष्णता ओढून घेतें आणि डाख वितळतच नाहीं. वरचें एक तोंड मात्र उघडें असावें, नाहींतर आंत वाफ कोंडते.

नंतर पत्रा कानशीनें व पॉलिश कागदानें घासून चकचकीत करावा, हायड्रोक्लोरिक आम्लांत जस्त विरवून केलेलें द्रावण लावावें, आणि दूर तापविलेल्या तांब्याच्या कय्यानें कथील-शिशाचा डाख द्यावा. हा डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो. ज्योत टाकीजवळ आणण्याचें कारणच पडत नाहीं. छिद्र मोठें असल्यास पत्र्याचें ठिगळ आधीं कल्हई करून मग बसवावें. द्रावणाचा अंश धुऊन काढला नाहीं तर तेथेंच पुन्हां गंज धरतो. पितळेची झाळ यापेक्षां बळकट खरी, पण तिला लालबुंद ताव लागतो, आणि एकदां डाख बसलेल्या जागीं ती धड धरत नाहीं. तें काम कोल्हापूरच्या उद्यमनगरांतील एखाद्या सरावलेल्या कारागिराकडेच न्यावें. तळाशीं जागोजाग छिद्रें असतील तर मात्र ठिगळांचा हव्यास न धरतां टाकी बदलावी.

आंतील गंज फॉस्फोरिक आम्लानें निघतो. त्यानंतर टाकी धुऊन ताबडतोब वाळवावी. तासाभरांतच पुन्हां तांबूस थर दिसूं लागतो. आंतून लेप द्यावयाचा असेल तर तो इथेनॉल सोसणारा आहे याची खात्री करून घ्यावी, कारण जुन्या पद्धतीचे कांहीं लेप त्यानें मऊ पडून सुटतात व त्यांचे पापुद्रे कार्ब्युरेटरमध्यें अडकतात. पाणी भरून गळत नाहीं म्हणजे टाकी दुरुस्त झाली असेंही समजूं नये. पाणी ज्या फटींतून जात नाहीं, तींतून पेट्रोल सहज झिरपतें. तेव्हां थोडें पेट्रोल घालून, सांध्यावर खडू घासून, टाकी एक रात्र अंगणांत ठेवावी व सकाळीं डाग पाहून मगच ती गाडीवर चढवावी.