प्रेमाची वाट आणि दगडी ताली

लग्नाचा मुहूर्त पंचांगात पाहतो, तसा मधुचंद्राला ऋतू पाहावा. इटलीच्या भूमध्य किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे ही कड्याला बिलगलेली पाच गावे आहेत. त्यांतल्या दोन गावांमधली किलोमीटरभराची पायवाट म्हणजे ‘प्रेमाची वाट’. २०१२ साली तिच्यावर दरड कोसळली. वाट पुन्हा उघडायला २०२४ उजाडले. आता वेळ ठरवून तिकीट काढावे लागते.

वरच्या द्राक्षमळ्यांना चुन्याविना रचलेल्या दगडी ताली आहेत. शेत ओस पडले की ताल ढासळते आणि मातीही सुटते. डोंगरउतारावर कसणाऱ्याला हे वेगळे काय सांगायचे! ऑक्टोबर २०११ च्या पावसात चिखलाचा लोंढा व्हेरनात्सा गावात शिरला होता. तेव्हा जायचे ते मे महिन्यात. ऑगस्टात गर्दी फार. आणि मोटार नकोच बरे का, पाचही गावांना आगगाडी थांबते.