उन्हाळी सुटीतील निसर्गपरिचय : राळेगाव तालुक्यापुरता विचार

मुलांनी सुटीत उघड्यावर राहून निसर्गाची ओळख करून घ्यावी, ही कल्पना ज्या देशांतून रूढ झाली तेथील उन्हाळा सौम्य असतो. इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरविले ते १९०७ च्या ऑगस्टमध्ये. त्या चळवळीची आपल्या देशातील संस्था, भारत स्काउट्स आणि गाइड्स, ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्रित स्वरूपात उभी राहिली. तिचे कब व बुलबुल हे लहान मुलांचे विभाग प्राथमिक शाळांसही परिचित आहेत. परंतु तेथील वेळापत्रक जसेच्या तसे राळेगावात आणू म्हटल्यास पहिल्याच दिवशी मुले आजारी पडतील. मे महिन्यात विदर्भाचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. याच कारणास्तव येथील शाळा राज्यातील अन्य शाळांहून उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. दीर्घ सुटी आणि तीव्र ऊन या दोन्ही गोष्टी ध्यानी घेऊनच शिक्षकांनी कार्यक्रम आखणे इष्ट होय.

म्हणून पहिला नियम वेळेचा. उजाडल्यावर निघावे आणि नवाच्या आत सावलीत परतावे; दुसरी बैठक सायंकाळी ऊन उतरल्यावर. मधला वेळ शाळेच्या ओसरीवर नोंदी, चित्रे व मोजमापे करण्यात घालवावा. प्रत्येक मुलाजवळ पाणी असावे, डोक्यास रुमाल किंवा दुपट्टा असावा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पेय घरोघरी होऊ शकते. ते करावयास मुलांनीच शिकावे. एखादे मूल बरळू लागले, त्याचे अंग तापून कोरडे पडले, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत निजवून ओल्या फडक्याने अंग पुसावे, वारा घालावा व विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

दुसरा नियम वनाचा आहे, आणि या तालुक्यात तो अधिक कठोरपणे पाळला पाहिजे. राळेगाव व पांढरकवडा परिसरात २०१६ ते २०१८ या काळात वाघाच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. तेरा मृत्यू ज्या वाघिणीच्या नावे सांगितले गेले, ती २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री याच तालुक्यातील बोराटीच्या परिसरात गोळी घालून मारली गेली. तिला मारावे की जिवंत धरावे यावर देशभर वाद झाला. त्याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण ज्या गावांनी ती दोन वर्षे भयात काढली, तेथील पालक मुलांस रानात पाठविण्यास कचरतील तर त्यांस भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. खाली वाकलेला किंवा बसलेला मनुष्य वाघास चौपाया प्राण्यासारखा भासू शकतो. मोह वेचणारे व गवत कापणारे नेमके त्याच स्थितीत असतात, आणि मोह वेचण्याची वेळही पहाटेची. यास्तव वनरक्षकाची संमती व सोबत असल्याखेरीज मुलांस राखीव वनात नेऊ नये. सोबत असली तरी पुरते उजाडण्यापूर्वी नेऊ नये.

मग उरते काय, असे कोणी विचारील. उरते ते पुष्कळ. पऱ्हाटी उपटून मोकळे झालेले वावर, धुऱ्यावरील बोर, बाभूळ व पळस, आटत चाललेला नाला, गावची विहीर आणि तिच्यावर ओणवलेल्या फांदीस लटकलेली सुगरणीची गतवर्षीची रिकामी घरटी, एवढ्या साहित्यावर महिनाभराचा अभ्यास सहज होतो. खाली पडलेले घरटे हाती घेऊन मुलांनी त्यातील धागे मोजावेत, कोणते गवत वापरले ते ओळखावे. पावशाची साद प्रथम कोणत्या दिवशी ऐकू आली, नवरंग केव्हा दिसला, नाल्याचे शेवटचे डबके कधी आटले, यांची तारीखवार वही ठेवावी. एका वर्षाच्या वहीस फारसे मोल नसते. पाच वर्षांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर त्या गावाचा तो एक लहानसा इतिहास ठरतो.

दिशा ओळखण्याचा पाठ विशेष गोडीचा होतो. पुष्कळ पुस्तकांत असे लिहिलेले आढळते की भर दुपारी सावली उत्तरेस पडते. राळेगाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे साडेवीस अक्षांशावर असल्याने २२ मेच्या आसपास येथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारची सावली दक्षिणेस पडते. घड्याळाप्रमाणे त्या दिवसांत येथील खरी मध्यान्ह बारा वाजून बारा-तेरा मिनिटांच्या सुमारास होते, कारण भारतीय प्रमाणवेळ राळेगावच्या पूर्वेस असलेल्या रेखांशावरून मोजली जाते. ती सावली मुलांनी ओसरीतूनच पाहावी.

अंगणात न तापता पूर्व-पश्चिम रेषा काढण्याची रीत आपल्या शुल्बसूत्रांत सांगितलेली आहे. सपाट जागी काठी उभी रोवावी. सकाळी आठ वाजता सावलीचे टोक जेथे असेल तेथे खूण करून, काठीच्या पायाशी दोरीचे एक टोक धरून त्या खुणेतून जाणारे वर्तुळ काढावे. सायंकाळी सावली वाढत जाऊन तिचे टोक पुन्हा त्याच वर्तुळास लागते. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ही वेळ साधारणतः चार वाजून पंचवीस मिनिटांची असेल. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. सकाळची खूण पश्चिमेकडची का, हे शिक्षकांनी सांगू नये. मुलांस शोधू द्यावे.

वर्धा नदीकाठच्या गावांत पोहण्याचा विषय टाळून चालणार नाही. उन्हाळ्यात पात्र उथळ दिसते, परंतु वाळू काढल्याने पडलेले खोल खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. जाणत्या माणसाखेरीज मुलांनी पाण्यात उतरू नये, हे तर खरेच. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी उडी न घेता काठावरून बांबू, दोर अथवा लुगडे फेकावे, ही गोष्ट शाळेच्या अंगणात कोरड्या जमिनीवर दहा वेळा करून घ्यावी. एकामागून एक मुले बुडण्याचे प्रसंग बहुधा मदतीस घेतलेल्या उडीमुळेच घडतात.

सर्पदंशाविषयीही असेच. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ही चार नावे व त्यांची चित्रे वर्गात असावीत. अंगणात जमिनीवर निजलेल्यास मण्यार चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. म्हणून खाटेवर, मच्छरदाणीत निजणे बरे. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि प्रतिविष मिळेल अशा शासकीय रुग्णालयाकडे निघावे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

आता या योजनेतील सर्वांत नाजूक गोष्ट. शहरातील पालक ज्यासाठी शिबिराचे शुल्क भरतात, ते ज्ञान कोलाम पोडावरील अनेक मुलांपाशी घरचेच असते. मोहाचे मांसल फूल रात्री उमलून पहाटे गळते, वाळल्यावर मनुक्यासारखे तांबूस होते, त्यावर वटवाघळे येतात. तेंदूचे कोवळे पान कोणते व जून कोणते. चारोळी केव्हा पिकते, हे त्यांस कोणी शिकविलेले नसते. तरीही वर्गात तीच मुले बहुधा मागच्या रांगेत मुकी बसलेली दिसतात, कारण त्यांची घरची भाषा कोलामी आणि पुस्तक मराठी. या कार्यक्रमात त्यांस पुढे चालू द्यावे. झाडाचे कोलामी, गोंडी व मराठी नाव शेजारी शेजारी लिहावे आणि कोलामी नाव त्या मुलाकडूनच वदवून घ्यावे. तेंदूच्या पुडक्यात साधारणतः सत्तर पाने असतात व हजार पुडक्यांची एक प्रमाणित गोणी धरतात. एवढ्यावरून गुणाकाराची कितीतरी उदाहरणे होतात, आणि मजुरीचा हिशेब मुलास आला तर घरी त्याचा उपयोगही होतो.

येथे एक सावधगिरी मात्र अवश्य हवी. पोटासाठी आईबापांबरोबर पाने तोडणारे मूल सहलीस गेलेले नसते. त्याच्या श्रमास निसर्गशिक्षण असे गोंडस नाव देऊन नोंदवहीत हजेरी लावणे ही फसवणूक होय. कार्यक्रमात मुलांकडून विक्रीयोग्य वस्तू गोळा करवून घेऊ नयेत. मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे सुटी लागण्यापूर्वीच बव्हंशी सरतो. त्यावरील पाठ सकाळच्या शाळेच्या दिवसांतच, गावालगतच्या झाडाखाली घ्यावा. फुले दिसावीत म्हणून पाचोळा पेटविण्याची जी चाल आहे, तिच्यामुळे वणवे लागतात. पाचोळा झाडून घेणे किंवा झाडाखाली जुनी लुगडी पसरणे हा पर्याय मुलांसमोर करून दाखवावा. घरी उपदेश करण्याचे ओझे त्यांच्यावर टाकू नये.

जाणत्या माणसांकडून शिकण्यात शिक्षकांस कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मारुती चितमपल्ली हे कोइमतूरच्या वनविद्यालयात शिकून वनाधिकारी झाले, पण नवेगावबांधचे माधवराव पाटील आणि तेथील साधी रानमाणसे यांच्याकडून पक्ष्यांची व झाडांची माहिती त्यांनी वर्षानुवर्षे टिपून घेतली आणि तिचे ऋण आपल्या लेखनात मान्य केले. पोडावरील एखाद्या वृद्धास सकाळी दोन तास शाळेत बोलावून, त्याला खुर्ची देऊन, मुलांस त्याच्यासमोर बसविता येईल. त्याचे म्हणणे मराठीत सांगण्यास त्याच पोडावरचे मूल दुभाषी म्हणून उभे करावे.

कार्यक्रमास गणवेश, तंबू किंवा शिट्टी यांची आवश्यकता नाही. पंधरा मुलांमागे दोन प्रौढ, एक दोर, एक पाण्याचा डबा, प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या रुग्णालयाचा व वनरक्षकाचा दूरध्वनी क्रमांक आणि पालकांची लेखी संमती एवढे असले म्हणजे पुरे. मृग निघून ढग जमू लागले की सायंकाळची बैठक बंद करावी. विजा चमकत असता उघड्या वावरात वा एकट्या झाडाखाली थांबणे धोक्याचे असते. तोवर पेरणीची लगबगही सुरू होते आणि मोठी मुले आपणहूनच येईनाशी होतात. सावलीच्या नोंदी, घरट्यांची चित्रे व झाडांची तीन भाषांतील यादी शाळा उघडताच वर्गाच्या भिंतीवर लावावी, यादीखाली नावे सांगणाऱ्या मुलांची नावे घालावीत.