थकलेल्या हप्त्याची नोंद
गृहकर्जाचा हप्ता 90 दिवसांहून अधिक काळ थकला, की बँक ते खाते अनुत्पादक, म्हणजे उत्पन्न देणे थांबलेले कर्ज, ठरवते. पण हप्ता किती दिवस लांबला याची नोंद त्याआधीपासूनच मुंबईत 2000 साली स्थापन झालेल्या सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे जात असते आणि ती किमान सात वर्षे जपली जाते. 300 ते 900 या पट्ट्यातला पतगुणांक तिच्यावरही अवलंबून असतो, त्यामुळे थकबाकी फेडल्यानंतरही नवे कर्ज नाकारले जाते किंवा महाग पडते. तडजोडीत बँकेने काही रक्कम सोडली, तर खात्यावर ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा उमटतो, आणि त्याचा परिणाम कर्जदाराला सही करण्यापूर्वीच लेखी सांगितला जाणे अत्यावश्यक आहे. नोंद चुकीची असल्यास तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली पाहिजे. अन्यथा 2024 पासून विलंबाच्या प्रत्येक दिवसामागे 100 रुपये भरपाई ग्राहकाला देय होते.