गेटवरचा ‘वॉच’

शिरोली एमआयडीसीत ‘जरा वॉच ठेव’ म्हटलं की काम भागतं. ‘पाळत ठेव’ म्हटलं, तर प्रकरण पोलिसांकडं गेल्यासारखं वाटतं. जहाजावर ‘वॉच’ हाच शब्द पाळीसाठी चालतो आणि ती पाळी साधारण चार तासांची असते. फाउंड्रीच्या गेटवर ती आठ तासांची. बदली आला नाही तर किती, ते विचारू नये.

वॉचमन नुसता बसून असतो, हा एक गैरसमज. आत येणारं स्क्रॅप, बाहेर जाणारं कास्टिंग, वजनकाट्याची पावती, परत यायच्या मालाचा गेटपास, सगळं त्याच्या रजिस्टरला चढतं. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याखाली केंद्रानं जे नमुना नियम केले, त्यांत गार्डसाठी १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलंय. माजी सैनिकांना ४० आणि १६ तास पुरतात. महाराष्ट्राचा कायदा याहून जुना, १९८१ चा. सुरक्षा रक्षक मंडळं त्यातूनच आली.

पावसाळ्यात मात्र सगळ्यांचाच वॉच पंचगंगेवर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला आणि दोन्ही वेळा वाहतूक काही दिवस बंद राहिली.